कागद खरे, गाडी चोरीची

चोरीची गाडी नकळत विकत घेतली तर पुढे काय होतं, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. उत्तर दोन वाक्यांत देता येतं. गाडी जाते. आणि पैसे ज्याला दिले तो माणूस सापडला, तरच पैशांबद्दल काही बोलता येतं. आपण प्रामाणिक होतो, पूर्ण किंमत मोजली, आरटीओत नाव चढवलं, विमा काढला, या सगळ्याने आपण आरोपी होण्यापासून वाचतो. गाडी वाचत नाही.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांना हे आधी कळावं, म्हणून हा लेख. माझी हकिगत थोडक्यात सांगतो, कारण कामाचा भाग तिच्यानंतरचा आहे.

आम्ही साताऱ्याला राहतो. आईला तपासणीसाठी वरचेवर पुण्याला न्यावं लागायचं, म्हणून एक बरी गाडी हवी होती. पुण्यातल्या एका एजंटाकडे पांढरी डिझायर पाहिली, एमएच १४ पासिंगची. किंमत सव्वापाच लाख. त्या मॉडेलला, तेवढ्या किलोमीटरला तेव्हा बाजारात तेवढेच पडत होते. त्यामुळे ‘स्वस्तात मिळतेय म्हणजे काहीतरी गडबड’ ही शंका यायला जागाच नव्हती. एम-परिवहनवर नंबर टाकला. मॉडेल, वर्ष, इंधन, सगळं जुळलं. गाडीवर बोजा नव्हता. आरसी अस्सल होती. आमच्या गॅरेजवाल्यांनी गाडी लिफ्टवर चढवून खालून-वरून पाहिली आणि म्हणाले, “ठोकलेली नाहीये. घ्या बिनधास्त.” कर्ज देणाऱ्या बँकेच्या व्हॅल्युअरनेही ती पास केली. साडेतीन लाखांचं कर्ज बँकेने परस्पर एजंटाच्या खात्यात टाकलं, लाखभर मी एनईएफटीने पाठवले आणि वरचे पाऊण लाख त्याने रोख मागितले, ते रोख दिले. नावबदल झाला, माझ्या नावाची आरसी पोस्टाने घरी आली.

पुढे एका सकाळी परजिल्ह्यातल्या गुन्हे शाखेचे पीएसआय आणि दोन हवालदार सोसायटीत आले. गाडी पाहिली, बॉनेट उघडायला सांगितलं, टॉर्च मारला. मी आतून सगळी कागदपत्रं आणून पुढे ठेवली. हवालदारांनी ती शांतपणे चाळली आणि म्हणाले, “साहेब, कागद खरे आहेत. फक्त या कागदांची गाडी ही नाही.”

पंचनामा सुरू झाला, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, डॅशबोर्डात आईंची फाइल आहे.” ती फाइल, छत्री, पाण्याच्या बाटल्या असं काढून घेतलं. गाडी गेली.

एका गाडीचे कागद, दुसरीचं लोखंड

हा प्रकार समजून घ्यायलाच हवा, कारण नेहमीच्या तपासण्या इथे कुचकामी ठरतात.

एखादी गाडी अपघातात इतकी चेपते की दुरुस्तीचा खर्च तिच्या विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर जातो. मग विमा कंपनी तिला ‘टोटल लॉस’ ठरवते. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा भंगारात जातो. मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमानुसार गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. पुष्कळदा ते होत नाही. सांगाड्याबरोबर आरसी आणि सही केलेले कोरे ट्रान्सफर फॉर्मही पुढे जातात. गाडी मेलेली असते, पण सरकारदरबारी ती जिवंतच राहते.

टोळीला हवे असतात ते हे जिवंत कागद. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची, जवळपास त्याच वर्षाची चांगली गाडी कुठून तरी उचलायची. तिचा चेसिस नंबर ग्राइंडरने घासायचा आणि मेलेल्या गाडीचा नंबर तिथे पंच करायचा. किंवा जुन्या सांगाड्यातला नंबराचा पत्राच कापून इथे वेल्ड करायचा. इंजिन नंबरचंही तेच. मग कुठल्याही सरकारी साइटवर नंबर टाका, उत्तर खरंच येणार. नंबर चोरीचा नसतोच. चोरीला गेलेलं असतं ते लोखंड.

माझी गाडी ठाणे जिल्ह्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून गेलेली होती. कागद ज्या गाडीचे, ती महामार्गावर ट्रकखाली चेपलेली. आमचे गॅरेजवाले ‘ठोकलेली नाही’ म्हणाले ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि पुरावा नेमका तोच होता. कागदांतली गाडी ठोकलेली आणि समोरची गाडी धडधाकट, हा विरोध कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंदलेला होता. चेसिस नंबरावरून ते रेकॉर्ड काढलं असतं, तर शेवटचं जॉबकार्ड अपघाताचं निघालं असतं. हे रेकॉर्ड मागायचं असतं, हे ना एजंट सांगतो, ना बँक.

घासलेला नंबर परत कसा दिसतो, ते मी प्रत्यक्ष पाहिलं. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतले तज्ज्ञ आले होते. त्यांनी नंबरावरचा रंग उतरवला, जागा बारीक पॉलिश पेपरने आरशासारखी चकचकीत केली आणि कापसाच्या बोळ्याने आम्लाचं द्रावण पुन्हा पुन्हा फिरवलं. कारखान्यात नंबर ठोकताना खालचा धातूही दबतो. वरचा थर घासून गेला तरी तो दबलेला धातू आत असतोच, आणि आम्ल त्याला बाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने खातं. काही वेळाने नव्या नंबराच्या आकड्यांमधून जुन्या नंबराचे आकडे अंधुक, राखाडी दिसू लागले. लगेच फोटो काढले गेले, पंचांच्या सह्या झाल्या. माझ्या मालकीचा प्रश्न तिथेच संपला.

पोलीस दारात आले तर

त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. कोणाकडून घेतली? कितीला घेतली? पैसे कसे दिले? या तीन उत्तरांवर तुम्ही साक्षीदार होणार की आरोपी, हे बऱ्याच अंशी ठरतं.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं ४११, चोरीचा माल जवळ बाळगण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. पण त्यात माल चोरीचा आहे हे ‘माहीत असणं’ किंवा तसं मानायला सबळ कारण असणं आवश्यक आहे. बाजारभावाची किंमत, बँकेतून गेलेले पैसे, विकणाऱ्याचे मेसेज, नावबदलाचा अर्ज, विमा पॉलिसी, ही तुमच्या प्रामाणिकपणाची कागदोपत्री साक्ष. निम्म्या किमतीत, रोखीने, बिनकागदाची गाडी घेतली असेल, तर ‘मला काय माहीत’ एवढं म्हणणं पुरत नाही.

गाडी लपवू नका. ‘भाच्याने नेलीय, दोन दिवसांनी आणतो’ असले बहाणे केले, तर साक्षीदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. चोरीच्या संशयावरून मालमत्ता जप्त करायचा अधिकार पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ने दिलेला आहे. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. अर्थ असतो तो कागद नीट करून घेण्यात.

अधिकाऱ्याचं ओळखपत्र पाहा, पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर लिहून घ्या. परजिल्ह्यातलं पथक असेल, तर आपल्या ठाण्यात त्यांच्या येण्याची नोंद आहे का, हे ठाणे अंमलदारांना विचारा. नव्या कायद्यानुसार जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं असतं, कलम १०५. पंचनाम्यात मीटरवरचे किलोमीटर, टायर, स्टेपनी, म्युझिक सिस्टिम, दोन्ही किल्ल्या, फास्टॅग, सगळं लिहिलं जातंय ना, ते पाहा. गाडी मुद्देमालात महिनोन्‌महिने उभी राहते आणि नंतर काय होतं नि काय नव्हतं याचा वाद होतो. मूळ कागद मागितले तर ते पंचनाम्यात किंवा पावतीवर नोंदवूनच द्या. आधी झेरॉक्स काढून ठेवा. जबाब दिल्यावर तो वाचून पाहा. मी ‘एजंटाने एकाची मालकाचा माणूस म्हणून ओळख करून दिली’ असं सांगितलं होतं. लिहिताना ते ‘मालकाने गाडी दाखवली’ असं झालं होतं. सांगितल्यावर दुरुस्त केलं. असल्या एका वाक्यावर पुढे उलटतपासणीत तासभर जातो.

आणि समजा, पोलीस आलेलेच नाहीत, पण सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी सांगितलं की नंबराची जागा संशयास्पद आहे. अशा वेळी मनात पहिला विचार गाडी विकून मोकळं व्हायचा येतो. तसं केलंत तर चोरीचा माल जाणूनबुजून विकणारे तुम्ही ठरता, आणि ज्याला विकली त्याच्या तक्रारीतले आरोपीही. लेखी अर्ज घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा, पोच घ्या.

कायद्याने गाडी कोणाची

‘मी पैसे दिलेत, आरसी माझ्या नावावर आहे, मग गाडी माझी का नाही?’ हा प्रश्न मी वकिलांना विचारला. १९३०च्या वस्तुविक्रय कायद्याचं कलम २७ त्यांनी दाखवलं. जी मालकी विकणाऱ्याकडेच नव्हती, ती तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. चोराकडून एजंटाला, एजंटाकडून मला, माझ्याकडून आणखी कोणाला, अशी गाडी दहा हात फिरली तरी मालकी मूळ मालकाचीच राहते. आरसी ही नोंदणी आहे. ती नोंद चुकीच्या माहितीवर झाली असेल, तर तिने मालकी तयार होत नाही.

माझ्या बाबतीत मूळ मालकही मागे पडला होता. त्याची चोरीची फिर्याद तपास न लागल्याने ‘अ समरी’ होऊन बंद झाली होती. म्हणजे गुन्हा खरा, पण चोर मिळाला नाही. त्या कागदावर विमा कंपनीने त्याला भरपाई दिली आणि गाडीवरचे हक्क लिहून घेतले. त्यामुळे कोर्टात गाडी मागायला आली ती विमा कंपनी.

जप्त गाडीचा ताबा खटला चालू असताना मागता येतो. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३ आहेत, पूर्वीची ४५१ आणि ४५७. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं आहे की जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात सडत ठेवण्यात काही हशील नाही. योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन ती लवकर सोडावीत. मीही सुपूर्तनाम्यावर गाडी मिळावी म्हणून अर्ज केला. सरकारी पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आलं, विमा कंपनीचा अर्ज आला, प्रयोगशाळेचा अहवाल आला, आणि ताबा कंपनीला गेला. कायद्याने ते बरोबरच होतं. तरीही अर्ज करावा, असं मी सांगेन. मूळ मालक किंवा विमा कंपनी पुढे आलीच नाही, किंवा नंबराबद्दलचा संशय अहवालात टिकला नाही, तर गाडी अर्ज करणाऱ्याला मिळू शकते. शिवाय आपण फसवले गेलेले खरेदीदार आहोत, हे कोर्टाच्या रेकॉर्डवर येतं. त्याचा उपयोग पुढे पैशांसाठी होतो.

गाडी गेली, हप्ता राहिला

जप्तीनंतरच्या महिन्यात कर्जाचा हप्ता नेहमीच्या तारखेला कापला गेला. कर्ज मी बँकेकडून घेतलेलं. तारण गेलं तरी ते फेडायची जबाबदारी माझी. रागाने हप्ते थांबवले तर सिबिल बिघडतं, दंडव्याज चढतं आणि एका भांडणाची दोन होतात. बँकेला जप्तीचं लेखी कळवावं, पंचनाम्याची प्रत द्यावी, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागावी. तिच्या व्हॅल्युअरने गाडी पास केली होती, हे पत्रात जरूर लिहावं. त्याने कर्ज माफ होत नाही, पण बोलणी करताना आवाज खाली जात नाही.

गाडीचा विमाही कामाला येत नाही. आपली गाडी चोरीला गेली तर पॉलिसी पैसे देते. आपली गाडी चोरीची निघाली तर नाही.

मग पैसे कुठून यायचे? विकणाऱ्याकडून, दुसरं कुठूनही नाही. त्याचे रस्ते तीन.

पहिला फौजदारी. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की आपली फसवणूक झाली आहे. न्याय संहितेचं कलम ३१८ पोटकलम ४, जुनं ४२०, याचा समावेश व्हावा आणि आरोपीच्या खात्यातली रक्कम गोठवावी, अशी मागणी करा. फारशा लोकांना ठाऊक नसलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या दोन तरतुदी इथे आहेत. आरोपीला अटक करताना त्याच्याकडे सापडलेल्या पैशातून, शिक्षा झाल्यावर, नकळत माल घेणाऱ्याला त्याने दिलेल्या किमतीपर्यंत रक्कम द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं, कलम ४९९. शिवाय आरोपीला झालेल्या दंडातूनही असा खरेदीदार भरपाई मागू शकतो, कलम ३९५. दोन्ही ठिकाणी माल मूळ मालकाकडे परत गेलेला असला पाहिजे. आपल्या वकिलांना ही कलमं आवर्जून दाखवा.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. गाडी व्यवसाय म्हणून विकणाऱ्या डीलरकडून घेतली असेल तर तो खुला आहे. शेजाऱ्याने किंवा ओळखीच्याने स्वतःची गाडी विकली असेल तर नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाच्या कक्षेत येतो. मुदत दोन वर्षांची.

तिसरा दिवाणी दावा. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे, ही अट वस्तुविक्रय कायद्याच्या कलम १४ने प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली असते. करारात लिहिलेली असो वा नसो. ती मोडली म्हणून पूर्ण रक्कम परत मागता येते. त्याची मुदत साधारण तीन वर्षं. नोटीस लवकर पाठवा, कारण असे विक्रेते दुकान हलवण्यात पटाईत असतात.

या तिन्ही रस्त्यांवर एक गोष्ट मी अनुभवली. बँकेतून गेलेला रुपया न् रुपया केसमध्ये आला. तारीख, वेळ, खातं, सगळं स्टेटमेंटवर होतं. एजंटाला ‘हा माणूस मला माहीतच नाही’ म्हणायची सोय उरली नाही. रोख दिलेल्या पाऊण लाखाचा त्याने सरळ इन्कार केला. ते पैसे आजही माझ्या तोंडी आहेत, कागदावर नाहीत. बँकेतून गेलेल्या पैशांपैकी काही गोठवलेल्या खात्यात अडकलेत, बाकीच्यांचा दावा चालू आहे.

घेण्याआधी लोखंड तपासा

सेकंड हँड गाडी घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. आम्ही पुन्हा घेतली, तीही सेकंड हँडच. फक्त तपासण्याचा क्रम बदलला.

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. तो काही गाड्यांत बॉनेटखाली इंजिनामागच्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखाली मॅट उचलल्यावर सापडतो. मोटारींचा हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, नंबराचा छाप उमटतो. आरटीओतही असाच छाप घेतात. छापात आकडे एका ओळीत आहेत का, सारख्या खोलीचे आहेत का, दोन आकड्यांमधली जागा सारखी आहे का, ते डोळ्यांना दिसतं. नंबराच्या आजूबाजूला पत्रा खडबडीत, रंग वेगळ्या छटेचा, वेल्डिंगची रेघ किंवा लांबी भरलेली दिसली, तर तिथूनच परत फिरा.

नंबराची जागा बनवता येते. गाडीतल्या लहानसहान तारखा सहसा कोणी बदलत नाही. सीटबेल्टच्या खालच्या लेबलवर, काचांच्या कोपऱ्यातल्या खुणेत, प्लास्टिकच्या भागांवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं. आरसीवर गाडी २०१७ची आणि चारही सीटबेल्ट २०१९चे, असं कसं होईल? अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी स्कॅनरला लावायला सांगा. बऱ्याच नव्या गाड्यांच्या संगणकात मूळ चेसिस नंबर साठवलेला असतो. ग्राइंडर तिथे पोचत नाही.

त्याच ठिकाणी चेसिस नंबरावरून पूर्ण सर्व्हिस हिस्टरी मागा. विमा कंपनीकडून आधीच्या क्लेमची माहिती मालकाच्या संमतीने मिळते. ‘टोटल लॉस’ हे शब्द दिसले आणि गाडी समोर चकाचक उभी असली, तर उत्तर मिळालं.

नंबरप्लेट बघा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची आहे. तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक आणि होलोग्राम असतो, एकदाच बसणारं लॉक असतं आणि पुढच्या काचेवर नोंदणीचा स्टिकर असतो. प्लेट साध्या स्क्रूने लावलेली, स्टिकर गायब, तर का ते विचारा.

ऑनलाइन तपासणी करायचीच, फक्त तिची मर्यादा ओळखून. एम-परिवहनवर बोजा, विमा आणि आरसीची स्थिती कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नागरिक सेवेत २०२०पासून नोंदणी, चेसिस आणि इंजिन नंबर टाकून, ती गाडी चोरीची म्हणून पोलिसांकडे नोंदलेली आहे का, हे पाहता येतं. साध्या चोरीत, जिथे नंबर घासलेला नसतो, तिथे एवढ्यानेच काम होतं. नंबर बदललेला असेल तर या साइट मेलेल्या गाडीचंच उत्तर देतात.

त्यापेक्षा बोलके असतात ई-चलान आणि फास्टॅग. चलानबरोबर गाडीचा फोटो असतो. मालक म्हणतो गाडी कायम साताऱ्यात होती, आणि चलान नागपूरचं. मग एका नंबराच्या दोन गाड्या फिरताहेत. उलट, वर्षभर ना एक टोल, ना एक चलान, ना सर्व्हिस, विमाही मधले काही महिने संपलेला, म्हणजे ती गाडी तेव्हा रस्त्यावर नव्हती. ती कुठे होती, हे मालकाने कागद दाखवून सांगितलं पाहिजे. माझ्या गाडीच्या विम्यात अशीच पोकळी होती. ‘मालक दुबईला होते’ असं एजंट म्हणाला होता. मालक प्रत्यक्षात पिंपरीतच राहत होते आणि आपली गाडी भंगारात गेली असं समजून निवांत होते.

परराज्यातली गाडी असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. ती देण्याआधी गाडीवर चोरीची तक्रार नाही, असा पोलिसांचा लेखी अहवाल घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ने आरटीओवर बंधनकारक केलं आहे. एनओसी ऑनलाइन पडताळून पाहा. ‘एनओसी नंतर देतो, तोवर गाडी वापरा’ याला मान्यता देऊ नका.

मग माणूस तपासा

लोखंड कितीही तपासलं तरी शंभर टक्के खात्री कोणी देणार नाही. म्हणून दुसरी भिंत बांधायची ती व्यवहाराची.

आरसीवर ज्याचं नाव, त्याला भेटा. शक्यतो त्याच्या घरी भेटा; शेजारी, वॉचमन, घराखालचं दुकान यांना तो माहीत असतो की नाही, ते आपोआप कळतं. त्याच्या आधार कार्डावरचं, आरसीवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच असायला हवं, आणि पैसे त्याच खात्यात जायला हवेत. एजंटाचं कमिशन वेगळं, एजंटाच्या खात्यात. ‘इन्कम टॅक्सचा लफडा आहे, वरचे रोख द्या’ हे ऐकलं की व्यवहार थांबवा. त्या रोख रकमेचा पुरावा आपल्याकडे राहत नाही, हेच समोरच्याला हवं असतं.

डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं प्राधिकारपत्र मागा. नोंदणी झालेल्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरांना १ एप्रिल २०२३ पासून ते घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. ही नोंद असेल, तर गाडी कोणाच्या हातून कधी आली, हे सरकारी रेकॉर्डवर राहतं. भिंतीवर प्राधिकारपत्र नाही आणि ‘आमचं सगळं ओळखीवर चालतं’ असं उत्तर आलं, तर त्याची ओळख तुम्हाला पुढे कोर्टात पटवावी लागेल, एवढं लक्षात ठेवा.

कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर आधीच सह्या आहेत म्हणून खूश होऊ नका. मालकाने समोर सही करावी. स्टॅम्पपेपरवर करार करा. त्यात चेसिस आणि इंजिन नंबर, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, दोन्ही बाजूंचे पत्ते असावेत. गाडी चोरीची निघाली किंवा मालकीत दोष निघाला, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करण्याची हमीही घ्या. खरा मालक या ओळीवर सही करायला कचरत नाही. ठरलेल्या रकमेतला एक भाग आरसी आपल्या नावावर येईपर्यंत हातात ठेवा.

आणि जे गाडी विकणार आहेत किंवा ज्यांची गाडी ‘टोटल लॉस’ झाली आहे, त्यांनी भंगारवाल्याला कोऱ्या सह्या देऊ नयेत. आरसी आरटीओत जमा करून नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी देऊन प्रमाणपत्र घ्यावं. माझ्या आरसीवरच्या मूळ मालकांनाही जबाब द्यायला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या माराव्या लागल्या. त्यांनी एक अर्ज वेळेत केला असता, तर ते कागद कोणाच्याच उपयोगाचे राहिले नसते.

गाडी हातात घेताना एक प्रश्न स्वतःला विचारा: उद्या काही झालं, तर पैसे घेणाऱ्या या माणसाला मी नाव, पत्ता, खातं आणि सही यांच्या आधारे कोर्टात उभं करू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल, तर गाडी घ्या. ‘बहुतेक’ असेल, तर दुसरी बघा. डिझायर बाजारात पुष्कळ आहेत.